बांध, उंबरठा आणि कायदा

गावाबाहेरच्या कुठल्याही रस्त्याने जा, तारेच्या कुंपणावर एक पत्र्याची पाटी दिसतेच. 'सदर मिळकत खाजगी मालकीची असून विनापरवाना प्रवेश करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.' अक्षरे लाल, खाली मालकाचे नाव आणि हल्ली मोबाइलचा नंबर. पाटी लावणाऱ्याला वाटते, आपण कायद्याचा पहारेकरी उभा केला. वाचणाराही क्षणभर थबकतो. प्रत्यक्षात आपल्या फौजदारी कायद्यात दुसऱ्याच्या जागेत नुसते पाऊल टाकणे हा गुन्हा नाही. चेंडू आणायला भिंतीवरून उडी मारणारा मुलगा, जवळची वाट म्हणून मोकळ्या प्लॉटमधून जाणारी शाळेतली पोरे, चुकलेली शेळी शोधत शेतात शिरलेली म्हातारी, यांच्यापैकी कोणीही गुन्हेगार नव्हे. मालकाला त्यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावता येईल, नुकसान झाले असल्यास भरपाई मागता येईल. पण पोलिसाने दंडाला धरून न्यावे असे त्यांनी काही केलेले नसते.

हे सांगितले की ऐकणारे चकित होतात, काही जण रागावतातही. 'मग आमच्या मालकीला अर्थ काय?' असा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. आपल्यासारख्या मध्यमवर्गीय माणसाच्या आयुष्यभराच्या कमाईचे रूप असते तरी काय? एक फ्लॅट, नाही तर निवृत्तीनंतर बांधू म्हणून घेतलेला प्लॉट, किंवा वडिलांच्या जमिनीतला वाटणीचा तुकडा. बँकेच्या नोकरीत तीस-पस्तीस वर्षे मी या तुकड्यांचे कागद तपासले. टेबलावर कागद अगदी स्वच्छ असायचा, आणि जागेवर पाहणीला गेले की तिथे भलत्याच कोणाची तरी म्हैस बांधलेली असायची. कागद आणि ताबा यांच्यातल्या या अंतरात कायदा नेमका कुठे उभा आहे, हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे.

मनात काय होते?

भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आली. तिच्या ४४१व्या कलमात फौजदारीपात्र अतिक्रमणाची व्याख्या होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आणि हे कलम आता ३२९ झाले. आकडा बदलला, व्याख्या जवळजवळ तीच राहिली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले मात्र जुन्याच कलमांखाली चालतात.

व्याख्येचे तीन पाय आहेत. पहिला, मालमत्ता दुसऱ्याच्या ताब्यात असली पाहिजे. दुसरा, माणूस तिच्यात शिरला पाहिजे, किंवा रीतसर आत येऊन नंतर बेकायदा तिथेच ठाण मांडून बसला पाहिजे. म्हणजे 'चार दिवस राहतो' म्हणून आलेला आणि 'जा' म्हटल्यावर दमदाटी करणारा पाहुणाही यात येऊ शकतो. तिसरा पाय सर्वांत महत्त्वाचा. शिरण्यामागे किंवा थांबण्यामागे एखादा गुन्हा करण्याचा, अथवा ताबेदाराला धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा किंवा त्याला त्रास देण्याचा उद्देश असला पाहिजे.

हा उद्देश सिद्ध करणे हीच सारी अडचण. मथरी विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आपण शिरलो तर समोरच्याला त्रास होईल एवढे ठाऊक असणे पुरेसे नाही. त्रास देणे हेच शिरण्यामागचे प्रयोजन होते असे न्यायालयाला पटले पाहिजे. कादंबरीकाराला पात्राच्या मनात हवे तेव्हा शिरण्याची मुभा असते. न्यायाधीशाला ती नसते. त्याला पुराव्याच्या वाटेनेच जावे लागते. शिरणारा काय बोलला, हातात काय होते, वेळ कोणती होती, सोबत किती माणसे आणली, यावरून त्याला मन वाचायचे असते. आणि शेजारी जर म्हणाला, 'साहेब, ही जागा माझीच आहे असे मला वाटत होते, माझ्याकडे हा कागद आहे,' आणि ते प्रामाणिक वाटले, तर फौजदारी खटला तिथेच लंगडा पडतो.

पोलीस ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा' हे वाक्य आपण ऐकतो, त्याचे मूळ इथे आहे. काही वेळा ते खरे असते. पण प्रत्येक वेळी नसते. फौजदारीपात्र अतिक्रमण हा दखलपात्र गुन्हा आहे, आणि तक्रारीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर पोलिसांनी तो नोंदवलाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात सांगितले आहे. म्हणून तक्रार लिहिताना 'माझी जागा बळकावली' एवढेच लिहून भागत नाही. कोण, किती वाजता, कुठून शिरला, काय धमकी दिली, काय मोडले, कोणी पाहिले, हे लिहावे लागते. उद्देश दाखवणारी एक ओळ मालकी सांगणाऱ्या चार पानांपेक्षा तिथे अधिक उपयोगी पडते. शिवाय वेळेचे भान हवे. तीन महिने किंवा एक वर्षापर्यंत शिक्षेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत घ्यावी, अशी मर्यादा आहे.

शिक्षेची शिडी

आता शिक्षा पाहू. मोकळ्या जागेतल्या साध्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. तेच राहत्या घरात, तंबूत, जहाजात, देवळात किंवा माल ठेवण्याच्या वखारीत झाले तर ते गृह-अतिक्रमण. त्याला एक वर्षापर्यंत कैद. घरात शिरणे म्हणजे सगळा देह आत गेला पाहिजे असेही नाही. खिडकीच्या गजांतून हात आत आला तरी कायद्याच्या दृष्टीने माणूस आत आला.

यापुढे शिडी चढत जाते. लपूनछपून किंवा घर फोडून शिरला तर दोन वर्षांपर्यंत, आणि हेच सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केले तर तीन वर्षांपर्यंत. भिंत चढणे, कुलूप उघडणे, दाराशी असलेल्या माणसाला ढकलून आत घुसणे हे सारे घरफोडीत मोडते. रात्री घर फोडून शिरण्यामागे चोरीचा हेतू असेल तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाते. आणि ज्या गुन्ह्याला देहदंड आहे असा गुन्हा करण्यासाठी कोणी घरात शिरला, तर जन्मठेपही होऊ शकते. मोकळे रान, घर, बंद दार आणि रात्र अशा या पायऱ्या आहेत. माणसाची झोप जितकी जवळ, तितका कायदा कडक.

दंडाची गोष्ट मात्र बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला हसू आणणारी आहे. १८६०च्या संहितेत साध्या अतिक्रमणाला पाचशे रुपयांपर्यंत आणि गृह-अतिक्रमणाला हजार रुपयांपर्यंत दंड होता. तो रुपया चांदीचा, एक तोळा वजनाचा. म्हणजे पाचशे रुपये दंड भरायचा तर पावणेसहा किलोहून थोडी अधिक वजनाची चांदीची नाणी मोजून द्यावी लागत. त्या काळच्या शेतकऱ्याचे घर बसेल एवढी ती रक्कम होती. पुढे रुपया हलका होत होत कागदाचा झाला, पण पाचशेचा आकडा एकशे बासष्ट वर्षे जागचा हलला नाही. नव्या संहितेने तो पाच हजारांवर नेला. आज पाच हजार रुपयांत शंभर ग्रॅम चांदीही येत नाही. लाखांच्या प्लॉटवर रातोरात पत्र्याची शेड ठोकणाऱ्याला हा दंड म्हणजे धंद्यातला किरकोळ खर्च.

जागेत शिरणे हा एक भाग. जागेचे नुकसान करणे हा दुसरा. यासाठी कायद्याच्या मराठीत एक सुंदर शब्द आहे, 'आगळीक'. कुंपण तोडणे, झाड तोडणे, पाण्याची पाइप फोडणे ही सगळी आगळीक. पूर्वी पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त नुकसान झाले की दोन वर्षांपर्यंत शिक्षा होती. नव्या संहितेत वीस हजारांपासून एक लाखाच्या आतल्या नुकसानीला दोन वर्षांपर्यंत आणि एक लाख किंवा त्याहून अधिक नुकसानीला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शेतीचे पाणी तोडले तर पाच वर्षांपर्यंत, आग लावून नुकसान केले तर सात वर्षांपर्यंत. सरकारी अधिकाराने रोवलेला हद्दीचा दगड उपटला किंवा सरकवला तर एक वर्षापर्यंत. किरकोळ आगळीक मात्र अदखलपात्र राहते. ठाण्यात 'एनसी' लिहून घेतात, हातात एक चिठ्ठी पडते आणि माणूस घरी येतो.

बांध सरकतो

या हद्दीच्या दगडाची गोष्ट सांगितली पाहिजे. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी शेतीकर्जे पाहत असे. पाहणीला गेले असता एका विधवा बाईंनी मला बांधावर उभे केले. शेजारचे शेत दिराचे. धनी गेल्यापासून दरवर्षी नांगरट करताना दिराचा नांगर बांधाची एक वीत खाऊन जाई. "बांध म्हातारा होत न्हाई ताई, सरकतो," त्या म्हणाल्या. तक्रार का केली नाही, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर होते, "एका वितीसाठी कुणाच्या दारात जाऊ? आन् पोरीच्या लग्नात मामा-काका लागत्यालच की."

परतताना एसटीत बसून मी हिशेब मांडला. वीत म्हणजे नऊ इंच. बांध दोनशे फूट लांबीचा धरला तर वर्षाला दीडशे चौरस फूट. दहा वर्षांत दीड हजार. गुंठा होतो एक हजार एकोणनव्वद चौरस फुटांचा. म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर न येता, एकही दिवस भांडण न होता, त्या बाईंचा सव्वा गुंठ्याहून अधिक तुकडा दहा वर्षांत पलीकडे जाणार होता. व्याजाच्या चक्रवाढीला आम्ही बँकवाले भितो, पण बांधाची ही सरळवाढही काही कमी नाही.

अशा ठिकाणी फौजदारी कायदा फारसा धावून येत नाही. दीर म्हणणार, मी माझ्याच हद्दीत नांगरले. त्याचे म्हणणे खोटे ठरवायचे तर आधी हद्द ठरली पाहिजे. म्हणून पहिले दार पोलिसाचे नव्हे, मोजणीचे. भूमी अभिलेख कार्यालयात फी भरून अर्ज करायचा, शेजाऱ्यांना नोटिसा जातात, मोजणीदार येतो, खुणा दाखवतो, हद्दीचे दगड रोवले जातात. एकदा दगड रोवला की पुढच्या वर्षीच्या नांगराला सबब उरत नाही. त्यानंतर बांध कोरला तर 'मला वाटले' हे उत्तर चालत नाही, आणि दगड हलवला तर गुन्हा उघड असतो.

त्या बाईंनी शेवटी मोजणी करून घेतली. पीककर्जाच्या निमित्ताने कागद नीट करावे लागतील, एवढेच दिराला सांगायचे असे ठरले. मोजणीच्या दिवशी दीर स्वतः साखळी धरायला उभा होता. हद्द सरळ झाली आणि नाते जेवढे होते तेवढे टिकले. सगळीकडे असे होत नाही. बांधावरून कुऱ्हाडी निघाल्याच्या, सख्ख्या भावांचे रक्त सांडल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. वितीभर जमिनीपायी एक घर स्मशानाकडे जाते आणि दुसरे तुरुंगाकडे, आणि शेत दोघांचेही पडीक राहते.

शेतकऱ्याला आणखी एक जवळचे दार आहे, ते फारच थोड्यांना ठाऊक असते. १९०६चा मामलेदार न्यायालय कायदा आजही लागू आहे. शेतजमिनीचा ताबा बेकायदा हिसकावला, वहिवाटीचा रस्ता अडवला किंवा पाण्याचा नैसर्गिक प्रवाह बंद केला, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावता येतो. बांधावरून जाण्यायेण्याची वाट हवी असेल तर जमीन महसूल संहितेच्या १४३व्या कलमाखाली त्याच कचेरीत अर्ज करता येतो.

ज्याच्या हाती ससा

'ज्याच्या हाती ससा तो पारधी' ही म्हण आपण उपरोधाने वापरतो. कायद्याने ती अर्धीमुर्धी मान्यच केली आहे. वरची व्याख्या पुन्हा वाचा. तिच्यात 'मालकी' हा शब्द नाही, 'ताबा' आहे. त्यामुळे कधी कधी खुद्द मालकच अतिक्रमण करणारा ठरू शकतो. भाडेकरू गावाला गेला असताना घरमालकाने कुलूप तोडून सामान जिन्यात आणून ठेवले, तर ठाण्यात उभे राहण्याची पाळी घरमालकावर येते. लल्लू यशवंतसिंग प्रकरणात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मुदत संपलेल्या भाडेकरूलाही जमीनमालक बळाने हुसकू शकत नाही. २००३ साली रामे गौडा प्रकरणात हेच तत्त्व पुन्हा मांडले गेले. ज्याचा ताबा स्थिरावला आहे त्याला काढायचे तर न्यायालयाच्या वाटेनेच काढावे लागते.

हे अन्यायाचे वाटते खरे. पण उलट बाजूने विचार करा. मालकी कोणाची हे प्रत्येकाने आपल्या मनगटाने ठरवायचे म्हटले, तर सर्वांत आधी कोण हरेल? ती बांधावरची विधवा, एकटे राहणारे वृद्ध जोडपे, परगावी नोकरीला असलेला मुलगा. 'बळी तो कान पिळी' हा न्याय लागू होऊ नये म्हणूनच कायदा आधी ताब्याला संरक्षण देतो आणि मालकीचा निवाडा नंतर करतो. १९६३च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमात याच कारणासाठी एक जलद उपाय ठेवला आहे. तुम्हाला तुमच्या संमतीवाचून आणि कायद्याच्या रीतीवाचून जागेबाहेर काढले, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावा. मालकी सिद्ध करण्याची गरज नाही. ताबा होता आणि तो हिसकावला, एवढे दाखवले की पुरे. या निकालावर अपीलही नाही. अट एकच, सहा महिने. 'बघू, दिवाळीनंतर बघू' म्हणणाऱ्याच्या हातून हे शस्त्र निसटते. सरकारविरुद्ध मात्र या कलमाखाली दावा चालत नाही.

दुसरी मुदत बारा वर्षांची. खाजगी जमिनीवर कोणी उघडपणे, मालकाचा हक्क झुगारून, सलग बारा वर्षे ताबा ठेवला आणि मालकाने दावा लावलाच नाही, तर मालकाचा हक्कच संपुष्टात येऊ शकतो. सरकारी जमिनीसाठी ही मुदत तीस वर्षांची आहे. परवानगीने राहणाऱ्याला हे लागू नाही, आणि चोरून सरकवलेल्या बांधालाही सहजासहजी नाही, कारण ताबा उघड आणि विरोधी असावा लागतो. तरीही प्लॉट घेऊन तो विसरून जाणे परवडत नाही. बँकेत दहा वर्षे व्यवहार न झालेले खाते निराळ्या यादीत जाते, पण पैसे खातेदाराचेच राहतात. जमिनीचे तसे नाही.

मग डोळ्यांदेखत कोणी घुसत असेल तर हातावर हात ठेवून पाहत राहायचे का? तसेही नाही. मालमत्तेच्या रक्षणासाठी गरजेपुरते बळ वापरण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. नुकता शिरू पाहणारा माणूस आणि स्थिरावलेला ताबेदार यांत कायदा फरक करतो. शिरतानाच त्याला अडवता येते. रात्री घर फोडून कोणी आत येत असेल तर हा हक्क प्रसंगी हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोहोचतो. साध्या अतिक्रमणात मात्र जीव घेण्याचा हक्क नाही. आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हक्कच उरत नाही. दुपारी पाहिलेल्या शेडसाठी रात्री माणसे जमवून जाणारा मालक स्वतःच आरोपी होतो.

उंबरठ्याच्या आतले

अतिक्रमण म्हटले की आपल्याला अनोळखी माणूस दिसतो. अनुभव वेगळा आहे. अनोळखी माणूस भिंतीवरून येतो. ओळखीचा दारातून येतो. काकांच्या फ्लॅटची किल्ली 'देखभालीसाठी' घेतलेला पुतण्या, तोंडी बोलीवर ठेवलेला भाडेकरू, 'सहा महिन्यांत घर होईल' म्हणून राहायला आलेला मेहुणा. इथे मनावर घ्यायची गोष्ट एकच, ती म्हणजे लेखी करार. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५व्या कलमाने जागा भाड्याने किंवा लीव्ह अँड लायसन्सवर देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गंमत पाहा, जागा बळकावणाऱ्याला जेवढी शिक्षा, तेवढीच करार न नोंदवणाऱ्या घरमालकाला. उलट करार नोंदवलेला असेल तर मुदत संपूनही न निघणाऱ्याला दुप्पट शुल्क भरावे लागते आणि सक्षम अधिकाऱ्याकडे त्याला काढण्याचा अर्जही करता येतो. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला काढण्याचा मार्ग मात्र घरमालकाला बंद आहे.

सर्वांत नाजूक उंबरठा कुटुंबाचा. 'हे घर माझ्या नावावर आहे, तू बाहेर हो' असे सुनेला सांगितले जाते. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला ज्या घरात ती कुटुंबाचा भाग म्हणून राहिली तिथे राहण्याचा हक्क दिला आहे, घर तिच्या नावावर नसले तरी. तिला अतिक्रमण करणारी म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला, स्वतःच्या घरात मुलाच्या धाकाने एका खोलीत दिवस काढणारे आईवडीलही आपल्या पाहण्यात असतात. त्यांच्यासाठी २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे आणि त्याखालच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. दोन्ही दुबळे, दोन्हींना कायद्याचा आधार. पण एकाचा कायदा दुसऱ्यावर शस्त्र म्हणून वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली एस. वनिता प्रकरणात बजावले. सासूसासऱ्यांच्या नावे अर्ज करून सुनेचा राहण्याचा हक्क पुसता येत नाही; दोन्ही हक्क शेजारी ठेवून तोलावे लागतात.

तुरुंग की साखळी?

शिक्षा वाढवा, अशी मागणी अधूनमधून होते. व्यवसाय म्हणून जागा बळकावणाऱ्या टोळ्यांबाबत ती योग्यच आहे. पाच हजारांच्या दंडाला ते भीक घालत नाहीत. पण सर्वसाधारण तंट्यात मला तुरुंगापेक्षा मोजणीच्या साखळीवर अधिक विश्वास वाटतो. आरोपीला शिक्षा झाली म्हणून जागा आपोआप परत मिळत नाही, हे पुष्कळांना शेवटी कळते. गुन्हा बळजबरीने किंवा धमकी देऊन केलेला असेल तर दोषी ठरवणारे न्यायालय ताबा परत देण्याचा हुकूम करू शकते, पण तोही एका महिन्याच्या आत. एरवी दिवाणी न्यायालयाची पायरी चढावीच लागते. म्हणून आधीच्या साध्या गोष्टी महत्त्वाच्या. सातबारा आणि मिळकतपत्रिका वर्षातून एकदा काढून नावे पाहावीत. वडील गेल्यावर वारसनोंद लगेच करावी. मोकळ्या प्लॉटची मोजणी करून कुंपण घालावे, कराची पावती आपल्याच नावाने फाडावी, सहा महिन्यांतून एकदा जागेवर जाऊन तारखेसह फोटो काढावा. या सगळ्याचा खर्च एका वकिली नोटिशीपेक्षा फार होत नाही.

२०२३ साली राज्य सरकारने 'सलोखा' नावाची योजना आणली. बारा वर्षांहून अधिक काळ दोन शेतकरी एकमेकांची जमीन कसत असतील तर त्यांनी आपसात अदलाबदल करून दस्त करावा, मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार. पिढ्यानुपिढ्या कोर्टात झिजलेल्या घरांना दोन हजारांत सुटण्याची वाट त्यातून दिसली.

फौजदारी कायद्यानेही ही वाट मोकळी ठेवली आहे. साधे अतिक्रमण आणि गृह-अतिक्रमण हे तडजोडीने मिटवता येणारे गुन्हे आहेत, आणि तडजोड करण्याचा अधिकार ना पोलिसाला, ना पुढाऱ्याला. तो ज्याच्या ताब्यात जागा होती त्याला. म्हणजे क्षमा करायची की नाही हे ज्याच्या उंबरठ्यावर पाय पडला त्यानेच ठरवायचे. ती जरूर करावी, कारण उद्या त्याच विहिरीवर, त्याच जिन्यात एकमेकांची गाठ पडणार असते. फक्त एक करावे. तडजोड चहाच्या कपावर न करता मोजणीच्या नकाशावर करावी, दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि त्याची एक प्रत मुलांना सापडेल अशा ठिकाणी ठेवावी.